सव्वीस दिवसांचा साहेब

हुकूम आला तेव्हा वन्निहामी सासऱ्याच्या शेतात गुडघाभर चिखलात उभा होता. नोव्हेंबर अर्धा सरला होता. रेड्यांनी तुडवलेलं शेत फळीनं सारखं करायचं काम चाललं होतं आणि वरून पाऊस बारीक बारीक लागला होता.

खात्याचा पट्टेवाला सुवारिस बांधावर येऊन ओरडला, "वन्निहामी, वर ये! नाही, चुकलो. वर या. आता 'या' म्हणायला लागणार."

"का रे बाबा?"

"साहेब झालात तुम्ही. अर्धे साहेब."

वन्निहामीनं हात मांडीला पुसले आणि कागद घेतला. तो पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता. तलावाच्या पाळीवरची, म्हणजे मोठ्या बांधावरची माती, पाणी सोडायच्या मोऱ्यांची दारं, मजुरांची हजेरी हे त्याचं काम. त्याच्यावरचे इन्स्पेक्टर यान्स साहेब तापानं बेजार होऊन सहा आठवड्यांच्या रजेवर कोलंबोला निघाले होते. तेवढे दिवस त्यांचं काम वन्निहामीनं पाहायचं. सलग तीस दिवस काम झालं, तर दोघांच्या पगारातला जो फरक, त्याच्या निम्मा भत्ता मिळायचा. तिसापेक्षा एक दिवस कमी भरला, तर काहीच नाही.

सासरा मेनिकराळ रेड्यांच्या मागून सगळं ऐकत होता. "काम पूर्ण अन् पैसा निम्मा?" तो म्हणाला. "माझा रेडाही ऐकायचा नाही." मग रेड्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "फळी सोडू नकोस रे. साहेब उद्यापासून हो. आज माझं शेत आहे."

वन्निहामी घरजावई होता. चार वर्षांपूर्वी तो कुंबुकवेवा गावात आला तो एक ट्रंक आणि खात्याची नोकरी घेऊन. घर सासऱ्याचं, शेत सासऱ्याचं, नारळाची झाडंही सासऱ्याची. पगारातून घरात तांदूळ आला तरी जेवताना पहिला घास म्हाताऱ्यानं घेतल्याशिवाय त्यानं हात लावायचा नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं, पण ठरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर त्याची बायको दिंगिरी पाणी शेंदत होती. त्यानं दोर तिच्या हातातून घेतला. तिला सहावा महिना लागला होता.

"किती मिळतील हो?" तिनं विचारलं.

त्यानं आकडा सांगितला. तिनं बोटांवर हिशेब केला. आधीची दोन मुलं तिनं ह्याच घरात गमावली होती, दोन्ही पाऊस सरल्यावरच्या तापात. पहिलं पोटात, दुसरं अकरा दिवसांचं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. ह्या खेपेला ताप सुरू व्हायच्या आत कुरुणेगलला जायचं, इस्पितळाच्या जवळ खोली घ्यायची आणि मूल घेऊनच परत यायचं.

"दोन महिन्यांचं भाडं निघेल," ती म्हणाली. "जेवणाचं मी बघेन. नाचणी घेऊन जाईन बरोबर."

"आधी तीस दिवस भरू देत."

"भरतील की. तुम्ही कुठं जाताय?" असं म्हणून तिनं घागर काखेत घेतली. तो घ्यायला पुढं झाला तर म्हणाली, "राहू द्या. साहेबानं घागर उचलली तर सुवारिस गावभर सांगेल."

साहेबाला बूट लागत. सुवारिसनंच ते सांगितलं. इन्स्पेक्टरनं अनवाणी पाळीवर फिरायचं नाही, कोट-बुटात फिरायचं. वन्निहामीकडे लग्नातला कोट होता. बूट त्यानं माहोच्या स्टेशनमास्तरांकडून उसने आणले. ते एक माप लहान होते. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड आले, पाचव्या दिवशी फुटले. तो कुडाच्या कचेरीत यान्स साहेबांच्या खुर्चीवर बसे तेव्हा टेबलाखाली हळूच टाचा बाहेर काढी, आणि कुणाचं पाऊल वाजलं की परत आत कोंबी. आत कोंबताना डोळ्यांत पाणी यायचं.

गावातले लोक त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ फिरली की हसत. पाटकरी उक्कुराळ, जो वाट्यानं पाणी सोडायचा आणि काल-परवापर्यंत त्याच्याबरोबर पान खायचा, तो आता उभ्यानं बोले. "साहेबांना योग्य वाटेल ते," असं प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणे. त्या म्हणण्यात काहीतरी खुपायचं.

पावसाआधी पाळीवरची झुडपं काढायची राहून गेली होती. शेत ज्याचं, त्यानं आपल्या वाट्याची पाळ साफ करायची, ही जुनी रीत. वन्निहामीनं सगळ्यांना बोलावलं आणि वहीतली नावं वाचली. सासऱ्याचं नाव आलं तेव्हा त्याचा आवाज जरा खाली गेला.

"मेनिकराळ."

म्हातारा समोरच उभा होता.

"मेनिकराळ," वन्निहामीनं परत वाचलं.

"दिसत नाही का?" म्हातारा म्हणाला. "सकाळी ह्याच माणसाच्या ताटातलं खाऊन आलास."

सगळे हसले. वन्निहामीनं नावापुढे खूण केली. तेवढ्यानं पेन्सिलीचं टोक मोडलं.

एक डिसेंबरनंतर पाऊस चढत गेला. झड थांबेचना. तलाव दिवसाला वीतभर चढत होता. वन्निहामी दिवसातून तीनदा पाळ फिरायचा. पाळ अर्धा मैल लांब, जुन्या राजांच्या काळची, आणि तिच्या पायथ्याशी आमची साठ घरं. अय्यनायक देवाच्या झाडाखाली त्यानं नारळ फोडला, हिरवी डहाळी टांगली आणि पुढं गेला. रात्री तो कूस बदलत राही, पहाटे दिंगिरी उठायच्या आत बाहेर पडे. एकविसाव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. दात एवढे वाजत होते की त्याला हजेरी घेता येईना.

दिंगिरीनं धणे-आल्याचा काढा पाजला. "पडून राहा आजचा दिवस."

"पडलो तर आजाराची रजा लागते. सलग राहत नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"सुवारिसला."

तिनं त्याच्या टाचांना खोबरेल लावलं, वर कापडाची पट्टी बांधली आणि बूट त्याच्या हातात दिले.

चोविसाव्या दिवशी दुपारी मोरीच्या पलीकडे, मोठ्या अर्जुनाच्या झाडाखाली, पाळीच्या बाहेरच्या उतारावर त्याला झिरपा दिसला. झिरपा नवा नव्हता. दरवर्षी तिथं बोटभर ओल यायची. आता करंगळीएवढी धार लागली होती. त्यानं ओंजळ धरली. पाणी स्वच्छ होतं. स्वच्छ पाण्याचं भय नसतं, ते मातीतून गाळून येतं. तो तिथंच दगडावर बसला. अंगात ताप होता, पाऊस कोटातून पाठीवर उतरत होता. थोड्या वेळानं परत ओंजळ धरली. ह्या वेळी तळहाताच्या रेषा दिसल्या नाहीत. पाणी लाल होतं. पाळ आतून वाहून चालली होती.

त्यानं सुवारिसला गावात पिटाळलं. घटकाभरात तीसेक माणसं फावडी घेऊन आली. आधी त्यांनी झिरप्याच्या तोंडाशी झावळ्या, गवत, मातीच्या पाट्या टाकल्या. पाण्यानं त्या ढकलून दिल्या. धार मनगटाएवढी झाली.

"पाण्याचा भार कमी केला पाहिजे," वन्निहामी म्हणाला. "डाव्या बाजूला सांडव्याचा काठ कापायचा. दोन हात खोल."

कुणीच हललं नाही. सांडव्याच्या खाली पाच जणांची शेतं होती. पहिलं मेनिकराळचं. पेरलेलं भात वीतभर आलं होतं.

उक्कुराळ पुढं झाला. "काठ कापायला मोठ्या साहेबांचा कागद लागतो. आहे का कागद?"

"तार करायला चौदा मैल जायचं, चौदा मैल यायचं. तोवर पाळ थांबेल का?"

"वर्षाचं पाणी जाईल. उन्हाळ्यात गुरांना काय पाजायचं?" आणि मग त्यानं सगळ्यांकडे बघत म्हटलं, "खुद्द यान्स साहेब असते तरी त्यांनी कापलं नसतं. हे तर हंगामी."

वन्निहामीनं सासऱ्याकडे पाहिलं. म्हातारा डोक्यावर ताडपत्र धरून उभा होता. त्याचे ओठ पानानं लाल होते.

"मामा," वन्निहामी म्हणाला, "तुमचं शेत जाणार."

"मला विचारतोस की सांगतोस?"

"सांगतो."

म्हातारा वळला आणि घराकडे चालू लागला. वन्निहामीनं बूट काढले, कोट काढून त्यावर ठेवला आणि एका पोराच्या हातातलं फावडं ओढून घेतलं. सांडव्यावर तो एकटाच खणत होता. फावडं मारलं की ताप डोक्यात घण मारल्यासारखा वाजायचा. दहा-बारा ढेकळं निघाली असतील नसतील, तोच शेजारी कुणीतरी खणायला लागल्याचं त्याला जाणवलं. सुवारिसनं खात्याचा पट्टा सोडून झाडाला अडकवला होता.

"बघताय काय?" सुवारिस लोकांवर ओरडला. "ह्याचा पगार निम्मा आहे, म्हणून ह्यानं अर्धंच खणायचं आणि उरलेलं तुम्ही खणायचं!"

मग बाकीचे आले. दिवस मावळायच्या आत पाणी काठावरून सुटलं. आधी तपकिरी जिभेसारखं, मग आवाज करत. मेनिकराळचं कोवळं भात एका क्षणात दिसेनासं झालं. झिरप्याची धार बारीक होत होत पहाटेपर्यंत थांबली.

सकाळी वन्निहामी घरी आला तेव्हा उंबऱ्याबाहेर तीन वस्तू मांडून ठेवल्या होत्या. काठी, ताडपत्र आणि मशाल. आमच्याकडचं जुनं बोलणं आहे, घरजावयानं ह्या तीन वस्तू जवळ ठेवाव्यात, सासऱ्यानं ऊठ म्हटलं की आजारात, पावसात, अंधारात कधीही निघता यावं. चेष्टेत सगळेच म्हणतात. खरोखर मांडलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. मेनिकराळ ओट्यावर पाठ करून बसला होता.

वन्निहामी अंगणातच थांबला.

दिंगिरी बाहेर आली. तिनं वस्तूंकडे पाहिलं, बापाच्या पाठीकडे पाहिलं. मग वाकता येत नव्हतं तरी वाकून मशाल उचलली, आत नेऊन चुलीत घातली. काठी आणि ताडपत्र घेऊन दारात उभी राहिली.

"अप्पा," ती म्हणाली, "मला निघायला काय देणार? की ह्यातच दोघांचं भागवू?"

म्हातारा वळला नाही. पण ती वन्निहामीचा दंड धरून त्याला आत घेऊन गेली, तेव्हा त्यानं अडवलंही नाही. त्या दिवसापासून तो जावयाशी एक शब्द बोलला नाही.

सव्विसाव्या दिवशी मोठे साहेब आले. ते इंग्रज होते, तरणे, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. उक्कुराळनं तक्रारीचा अर्ज धाडला होता. सगळा गाव पाळीवर जमला. साहेबांनी सांडव्याचा कापलेला काठ पाहिला, बुडालेली शेतं पाहिली, मग झिरप्याची जागा पाहिली. तिथं आता नुसती ओल होती.

"पाळ फुटली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग फुटणार होती हे तुला कसं कळलं?"

"पाणी गढूळ झालं होतं, साहेब."

"पावसात पाणी गढूळ नसतं?"

कुणीतरी मागं हसलं. जे घडलं नाही ते दाखवायचं कसं, हे त्याला कळेना. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाले, त्याची हंगामी नेमणूक आजपासून संपली, चौकशी होईल, चौकशीत दोषी ठरला तर ओव्हरसियरचं कामही जाईल.

सुवारिस बूट घेऊन उभा होता. "स्टेशनमास्तरांना मी देऊन येतो," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं चेष्टा केली नाही.

घरी दिंगिरी नाचणी दळत होती. त्यानं सांगितलं. ती दळायची थांबली नाही. "चार दिवस," एवढंच म्हणाली, आणि जातं जोरात फिरवायला लागली.

यान्स साहेब रजा अर्धी टाकून परत आले. चेहरा औषधानं पिवळा पडलेला, कोट खांद्यावरून घसरत होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं वन्निहामीला बोल लावला नाही, बसायला सांगितलं, स्वतःच्या हातानं चहा दिला. त्या घटकेला वन्निहामीला तेही सोसलं नाही.

पाऊस उघडला. कापलेल्या काठावरून पाणी जात राहिलं आणि तलाव खाली खाली गेला. बाराव्या दिवशी आतल्या बाजूचा उतार उघडा पडला. वन्निहामी मजुरांना घेऊन दगड लावत होता. मजुरांत आपापल्या वाट्याचं काम करायला आलेले शेतकरीही होते, मेनिकराळही. अर्जुनाच्या मुळांखाली एका पोराचं फावडं आत गेलं आणि आतच राहिलं.

बीळ होतं. साळिंदराचं असेल, किंवा वाळवीनं पोखरून मग पाण्यानं मोठं केलेलं. यान्स साहेबांना बोलावलं. त्यांनी कोट काढून खांद्यापर्यंत हात घातला. हाताला मागची बाजू लागली नाही. ते उठले तेव्हा कपाळावर घाम होता. वन्निहामीला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले.

"ऑगस्टमध्ये पाळ तपासल्याची सही माझी आहे."

"हो, साहेब."

"मी तपासली नव्हती. अंगात ताप होता. कचेरीत बसून सही केली." मग बिळाकडे बोट करून म्हणाले, "भरून टाक. आजच्या आज."

"भरतो. आधी माप घेतो."

"कशाला?"

"वहीत लिहायला."

"वन्निहामी, माझ्या पेन्शनला दोन वर्षं राहिलीत." त्यांनी रुमालानं मान पुसली. "फेब्रुवारीत मी पुन्हा रजा घेणार आहे. तुझंच नाव सुचवीन. दोन महिने, सलग. चौकशीचं मी साहेबांशी बोलतो. तुला काय हवं ते होईल."

वन्निहामीनं तलावाकडे पाहिलं. दोन महिन्यांचा भत्ता म्हणजे दिंगिरीची खोली होती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची त्याला चार वर्षांची सवय होती. पण पाळीवर ते सगळे उभे होते ज्यांची शेतं त्यानं बुडवली होती. बीळ भरलं असतं, तर जन्मभर तो त्यांच्यासाठी ताप डोक्यात गेलेला हंगामी साहेब राहिला असता.

"फेब्रुवारीपर्यंत थांबता येत नाही, साहेब," तो म्हणाला. "तोवर बायकोचे दिवस भरत येतील."

त्यानं लांब बांबू मागवला आणि बिळात सरकवायला लागला. बांबू आत जात राहिला. मजूर कामं टाकून जवळ आले. बांबू अडला तेव्हा त्यानं तिथं बोटानं खूण धरली, बाहेर ओढला. मोजायला दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं होतं. मेनिकराळ पुढं आला. त्यानं टोक धरलं आणि स्वतःच्या हातानं, कोपरापासून बोटापर्यंत, मोजत गेला. सगळे ऐकत होते.

"अकरा," म्हातारा म्हणाला.

तिथं पाळ चौदा हात रुंद होती. कुणाला काही सांगावं लागलं नाही. उक्कुराळ खाली बसला आणि मातीत बघत राहिला. त्याचं घर पाळीला सगळ्यात जवळ होतं, घरात पाच लेकरं होती.

वन्निहामीनं वहीत लिहिलं. बीळ, जागा, लांबी अकरा हात. वही यान्स साहेबांपुढं धरली. त्यांनी आकड्यावरून बोट फिरवलं.

"मला बुडवलंस तू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि आपला कोट स्वतःच उचलून कचेरीकडे गेले.

जानेवारीत दोन कागद आले. यान्स साहेबांची किनाऱ्याकडे बदली झाली. पेन्शन राहिली, बढती गेली. दुसरा कागद वन्निहामीचा होता. सुवारिसनं तो अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचला. पाणी सोडल्याबद्दल कारवाई करण्याचे कारण दिसत नाही. ओव्हरसियरच्या कामावर कायम. भत्त्याबाबत, सेवा सव्वीस दिवस, सबब देय नाही.

"सबब," सुवारिस म्हणाला, "सरकार तुमचे आभारी आहे, असं लिहायचं विसरले."

वन्निहामी हसला. हसता हसता त्याला ओट्याचा आधार घ्यावा लागला. गावात ताप सुरू झाला होता. सकाळीच दोन घरांतून काढ्याचा वास येत होता. दिंगिरी दारात उभी होती, एक हात कमरेवर.

त्याच वेळी गोठ्याकडून लाकडं आपटल्याचा आवाज आला. मेनिकराळ छकडा बाहेर ओढत होता. त्यानं बैल जुंपले, तळाशी गवत टाकलं, त्यावर चटई घातली.

"कुठं निघालात, मामा?" वन्निहामीनं विचारलं.

"शेत बुडालंय. गाडीचे बैल रिकामे उभे आहेत." म्हातारा जू नीट करत होता. "कुरुणेगलला इस्पितळाच्या मागं माझी चुलत बहीण राहते. तिच्याकडे दोन खोल्या आहेत."

दिंगिरी म्हणाली, "अप्पा, तिच्याशी तर तुमचं बोलणं नाही. फणसाच्या झाडावरून..."

"तीस वर्षं झाली. आता बोलावं लागेल." त्यानं लेकीला हात दिला आणि छकड्यात चढवलं. नाचणीचं पोतं, एक कंदील, तांदूळ, सुकी मासळी आत ठेवली. वन्निहामीला रजा नव्हती, तो पाळीच्या वळणापर्यंत बरोबर चालत आला. म्हातारा पुढं बसला होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होता. बहिणीला काय म्हणायचं ते. दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडून दिली.

वळणावर त्यानं बैल थांबवले.

"त्या बुडालेल्या शेताच्या बांधाला माझे भोपळे होते," तो म्हणाला. "सात. चांगले पिकायला आलेले."

वन्निहामीनं छकड्याच्या दांडीवर हात ठेवला.

"दोन घेऊन गेलो असतो तर तिच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहावं लागलं नसतं." म्हाताऱ्यानं कासरा हातात गुंडाळला. "पुढच्या खेपेला कापायचं तेव्हा काप. पण आधी भोपळ्यांसाठी एक हाक मारायची."

आणि त्यानं बैल हाकले.